नवे चाकरमानी आणि तासांचा व्यापार

कोकणात ‘नोकरी’ या शब्दाचा अर्थ दीर्घकाळ ‘मुंबई’ असाच होता. कुडाळ, मालवण, वेंगुर्ले, सावंतवाडी या तालुक्यांतील घराघरांतून तरुण गिरणीत गेले, गोदीत गेले. आणि गावच्या शेतीला, घराच्या डागडुजीला, बहिणीच्या लग्नाला त्यांच्या मनीऑर्डरचा आधार राहिला. गिरण्या बंद पडल्या, त्यांच्या जमिनींवर मनोरे उभे राहिले. पण बाहेर जाऊन कमावण्याची आणि घर चालवण्याची रीत काही संपली नाही. आता केवळ पत्ता बदलला आहे. परळ-लालबागच्या जागी पुण्याचे हिंजवडी आले, नव्या मुंबईतील ऐरोली आले, बेंगळुरू आले. मालक कोण असे विचारले तर ‘आयटी कंपनी’ एवढेच उत्तर मिळते. त्यांतील बहुतेक मोठ्या कंपन्या मुख्यतः स्वतःची वस्तू तयार करून विकत नाहीत. दुसऱ्यांच्या संगणकव्यवस्था उभारून देणे, त्या चालवणे, दुरुस्त करणे आणि त्यांविषयी सल्ला देणे हा त्यांचा व्यवसाय आहे. त्यांना तंत्रज्ञान-सल्लागार कंपन्या म्हणणे अधिक यथार्थ ठरेल.

या नोकरीविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. एका मताप्रमाणे कोकणातील मुलाला ही नोकरी लागली म्हणजे घराचे सारे प्रश्न सुटले. दुसऱ्या मताप्रमाणे ही परदेशी भांडवलाची वातानुकूलित वेठबिगारी होय. दोन्ही मतांत तथ्याचा अंश आहे आणि दोन्ही अपुरी आहेत. पदवी परीक्षेच्या तोंडावर कुडाळच्या एखाद्या घरात नियुक्तिपत्र येते, तेव्हा आईवडिलांना आणि मुलाला या मतांचा फारसा उपयोग होत नाही. या कागदावर सही करून आपण नेमके काय विकत आहोत आणि त्याच्या बदल्यात काय मिळणार आहे, हे त्यांना कळावयास हवे.

त्यासाठी या धंद्याची घडण पाहिली पाहिजे. टाटा सन्सचा एक विभाग म्हणून टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेस १९६८ साली मुंबईत सुरू झाली. १९७३च्या परकीय चलन नियमन कायद्याने परदेशी कंपन्यांना त्यांची भांडवली मालकी चाळीस टक्क्यांपर्यंत खाली आणण्यास सांगितले. जनता सरकारातील उद्योगमंत्री जॉर्ज फर्नांडिस यांनी त्या कायद्याच्या अंमलबजावणीचा आग्रह धरला आणि आयबीएम या अमेरिकी संगणक कंपनीने ती अट न स्वीकारता १९७८ साली भारतातील आपला व्यवसाय आवरला. त्या पोकळीत देशी अभियंत्यांना आणि देशी कंपन्यांना वाव मिळाला. १ मे १९८१ रोजी सिंधुदुर्ग हा स्वतंत्र जिल्हा झाला. त्यानंतर दोनच महिन्यांनी, जुलैमध्ये, पुण्यात दहा हजार रुपयांच्या भांडवलावर इन्फोसिस स्थापन झाली आणि १९८३ साली ती बेंगळुरूला गेली. १९९१नंतर सॉफ्टवेअर तंत्रज्ञान उद्यानांची योजना आली आणि निर्यातीच्या नफ्यावर दिलेली आयकरातील सूट मार्च २०११पर्यंत चालली. या उद्योगाचे यश केवळ काही कर्तबगार उद्योजकांचे आहे असे जे सांगितले जाते, ते म्हणूनच अर्धसत्य आहे. सरकारी अभियांत्रिकी शिक्षणाचा, सरकारी औद्योगिक वसाहतींतील जमिनींचा आणि सोडून दिलेल्या करांचा, म्हणजेच सर्वसामान्य करदात्याचा त्यात मोठा वाटा आहे.

आज या उद्योगाची वार्षिक उलाढाल, उद्योगाच्याच नॅसकॉम या संघटनेच्या हिशेबाप्रमाणे, २०२४-२५ साली सुमारे २८३ अब्ज डॉलर होती आणि त्यात सुमारे ५८ लाख माणसे काम करीत होती. या उलाढालीचा मोठा भाग निर्यातीचा आहे. निर्यात कशाची होते, हा खरा प्रश्न आहे. अमेरिकेतील एखाद्या विमा कंपनीला किंवा युरोपातील बँकेला जुनी संगणकव्यवस्था बदलावयाची असते. ते काम भारतीय कंपनी घेते आणि माणशी तासाला अथवा दिवसाला अमुक डॉलर असा दर ठरवते. काही कामांचा ठोक करार होतो, परंतु त्याचाही हिशेब अखेर माणसांच्या तासांवरच बांधलेला असतो. ग्राहकाकडून मिळणारा दर आणि अभियंत्याला दिले जाणारे वेतन यांतील अंतरातून कार्यालय, प्रशिक्षण, व्यवस्थापन यांचा खर्च वजा जाता उरतो तो नफा. म्हणून रचना पिरॅमिडसारखी असते. पायथ्याशी अल्प वेतनावरील असंख्य नवे पदवीधर, वर थोडे अनुभवी, शिखरावर अगदी मोजके. पाया जितका स्वस्त आणि रुंद, तितका नफा अधिक. तेव्हा ही कंपनी मुख्यतः तास विकते, आणि हे तास कुडाळच्या, कणकवलीच्या, परभणीच्या मुलामुलींचे असतात.

एवढे सांगितल्यावर नोकरीच्या जमेच्या बाजूकडे दुर्लक्ष करणे अप्रामाणिकपणाचे होईल. ती बाजू मोठी आहे. महिन्याच्या ठरलेल्या दिवशी बँकेत जमा होणारा पगार, भविष्यनिर्वाह निधी, पाच वर्षांच्या सलग सेवेनंतर उपदान, अनेक ठिकाणी कुटुंबाचा आरोग्यविमा, हे सारे ज्या घरात पूर्वी कोणालाच मिळाले नाही, त्या घराला या सुरक्षिततेचे मोल सांगावे लागत नाही. आंब्याचा मोहोर अवकाळी पावसाने गळाला किंवा काजूचा भाव कोसळला, तर वर्षाचे गणित विस्कटणाऱ्या कोकणी कुटुंबात हा एक पगार अनेक संकटे निभावून नेतो.

दुसरे असे की, गिरणीत शिरावयाचे तर गावचा, नात्याचा किंवा जातीचा कोणी जॉबर ओळखीचा लागत असे. या कंपन्यांच्या दारात लेखी परीक्षा असते आणि ती घेणाऱ्याला उमेदवाराचे आडनाव पाहण्याची फारशी गरज नसते. इंग्रजीचा अडसर आणि नामांकित महाविद्यालयांकडे असलेला कल यांमुळे मराठी शाळेत शिकलेल्या मुलाला हे दार अरुंद वाटते, यात संशय नाही. तरीही शिफारशीच्या चिठ्ठीपेक्षा परीक्षेचे दार अधिक लोकशाहीचे आहे. तिसरी गोष्ट स्त्रियांची. या उद्योगातील कर्मचाऱ्यांत एक तृतीयांशाहून अधिक स्त्रिया आहेत. संघटित क्षेत्रातील फारच थोड्या उद्योगांत असे प्रमाण आढळते. स्वतःच्या नावावर पगार घेणाऱ्या मुलीच्या शब्दाला घरात आणि लग्नाच्या बोलणीत जे वजन येते, ते अनेक वर्षांच्या प्रबोधनानेही सहजी येत नव्हते. चौथे म्हणजे कामाची शिस्त. निरनिराळ्या देशांच्या, निरनिराळ्या धंद्यांच्या व्यवस्था आतून पाहावयास मिळतात. मोठे काम तुकड्यांत कसे वाटावे, त्याची नोंद कशी ठेवावी, चूक कशी शोधावी हे तेथे शिकता येते. पहिल्या तीन-चार वर्षांत हे शिक्षण डोळसपणे घेणारा तरुण पुढे कोठेही उभा राहू शकतो.

आता वजाबाकी. पहिला मुद्दा वेतनाचा. २०१०च्या सुमारास या क्षेत्रातील मोठ्या कंपन्या नव्या पदवीधराला वर्षाला तीन ते सव्वातीन लाख रुपये देत. आजही सर्वसाधारण भरतीत हा आकडा साडेतीन लाखांच्या आसपासच घुटमळतो आहे. या काळात देशातील ग्राहक किमती दुपटीहून अधिक झाल्या. म्हणजे पायथ्याचे खरे वेतन जवळजवळ निम्म्यावर आले. बाजारात पदवीधरांची रांग लांब असली की असे घडते. त्यासाठी कोणा एका मालकाचा दुष्टपणा गृहीत धरण्याची गरज नाही. परंतु ज्या घराने शिक्षणासाठी कर्ज काढले, त्याला वेतनाचे हे घसरलेले मोल हप्त्याच्या दिवशी जाणवते.

दुसरा मुद्दा वेळेचा. ग्राहक अमेरिकेत असला की त्याची सकाळ ही पुण्याची संध्याकाळ असते. कंपनीने कमी माणसांत, कमी मुदतीत काम करून देण्याचे कबूल केले, तर ती कबुली अभियंत्याच्या रात्रीतून फेडली जाते. आठवड्याला सत्तर तास काम करण्याचा उपदेश या उद्योगाच्या एका संस्थापकाने २०२३ साली तरुणांना केला. २०२४ साली पुण्यातील एका जगप्रसिद्ध सल्लागार कंपनीत काम करणाऱ्या सव्वीस वर्षांच्या तरुणीचा मृत्यू झाला आणि अतिश्रमाने तिचा बळी घेतला अशी तक्रार तिच्या आईने जाहीरपणे केली. त्यानंतर श्रम विभागाने तपासणी केली, तेव्हा त्या कार्यालयाची दुकाने व आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचे आढळले. कायद्याने दिवसाला नऊ तासांची मर्यादा घातली होती. पण ज्या कार्यालयाची नोंद नाही, तेथे ते तास मोजणार कोण? पुढे २०२५च्या सप्टेंबरात राज्य मंत्रिमंडळाने ही मर्यादा दहा तासांवर नेण्यास मान्यता दिली. मोजणारी यंत्रणा सुधारण्याऐवजी मोजमापच सैल करण्याचा हा मार्ग आहे.

तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा मुद्दा जोखमीचा. कंपनी तास विकते. मग न विकल्या गेलेल्या तासांचे काय? ज्याला सध्या ग्राहकाचे काम नाही, तो ‘बेंच’वर बसला असे म्हणतात. गिरणीच्या फाटकाशी पहाटे उभा राहणारा बदली कामगार आणि हा बाकावरचा अभियंता यांत फरक आहे. बदली कामगाराला काम मिळाले नाही तर दाम नव्हता. अभियंत्याला बाकावरही पगार मिळतो. पण किती दिवस? बाकावरील दिवस लांबले की गुणांकन घसरते आणि गुणांकन घसरले की राजीनामा देण्याचा ‘सल्ला’ मिळतो. २०२२ साली एका मोठ्या कंपनीने निवडलेल्या सुमारे दोन हजार पदवीधरांना दोन वर्षांपर्यंत रुजूच करून घेतले नाही, अशी तक्रार पुण्यातील ‘नाइट्स’ या कर्मचारी संघटनेने २०२४ साली केंद्रीय श्रम मंत्रालयाकडे केली. २०२५च्या जुलैमध्ये टाटा कन्सल्टन्सी सर्व्हिसेसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या घरात कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यांत मुख्यतः मधल्या व वरच्या श्रेणीतील माणसे असतील असे सांगण्यात आले. चाळिशी ओलांडलेल्या, घराचे कर्ज आणि मुलांचे शिक्षण डोक्यावर असलेल्या माणसाला, त्याचे कसब आता विकले जात नाही, असे सांगितले जाते. परंतु कोणते कसब शिकावयाचे हे इतकी वर्षे कंपनीनेच ठरवलेले असते. ग्राहकाला जे हवे ते काम त्याच्या वाट्याला आले आणि त्याच कामात तो जुना झाला. तंत्र शिळे होण्याची किंमत मात्र एकट्याने भरावयाची.

त्यात आता कृत्रिम बुद्धिमत्तेची भर पडली आहे. आज्ञावली लिहिण्याचे व तपासण्याचे प्राथमिक काम यंत्र अधिकाधिक करू लागेल, तसतशी पिरॅमिडच्या पायथ्याची गरज घटण्याचा संभव आहे. परदेशाची वाटही अरुंद होत चालली आहे. २०२५च्या सप्टेंबरात अमेरिकेने एच-१बी परवान्याच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर केले. एका कुटुंबाचे भवितव्य वॉशिंग्टनमधील एका सहीवर किती अवलंबून असू शकते, हे त्या दिवशी कोकणातल्याही काही घरांना समजले असेल.

या बाबतीत कायद्याचा आधार किती आहे? २१ नोव्हेंबर २०२५पासून चार श्रमसंहिता अमलात आल्या. कामगारकपातीसाठी सरकारची पूर्वपरवानगी घेण्याची अट पूर्वी शंभर कामगारांच्या आस्थापनांना होती. ती आता तीनशेंवर गेली. पण पूर्वी काय किंवा आता काय, ही अट कारखाने, खाणी आणि मळे यांनाच आहे. लाखो माणसे कामावर ठेवणारी सल्लागार कंपनी या तिन्हींत बसत नाही. एक महिन्याची पूर्वसूचना आणि सेवेच्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचे वेतन ही भरपाई तांत्रिक काम करणाऱ्या कामगाराला मिळू शकते. मात्र ‘व्यवस्थापक’ असे पदनाम दिले की तो कामगार या व्याख्येबाहेर असल्याचा दावा करता येतो आणि राजीनामा लिहून घेतला की कपात झालीच नाही असे म्हणता येते. हाताखाली एकही माणूस नसलेले ‘व्यवस्थापक’ या क्षेत्रात थोडे नाहीत. पदनाम वाढते तेव्हा घरी पेढे वाटले जातात. त्याच पदनामाने कायद्याचे कवच गेले असण्याचा संभव असतो, हे कोणी सांगत नाही.

गिरणी कामगारांच्या इतिहासाची आठवण येथे अपरिहार्य आहे. १८ जानेवारी १९८२ रोजी सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप यशस्वी झाला नाही, आणि त्याची झळ कोकणातील गावांइतकी क्वचितच कोणाला लागली असेल. पण त्या कामगाराला आपण कामगार आहोत याविषयी शंका नव्हती. खोलीत वीस-पंचवीस गावकरी पाळीने झोपत, एकाची नोकरी गेली तर इतर त्याचे जेवण चालवत, युनियनची पावती खिशात असे. नव्या चाकरमान्याचे वेतन अधिक आहे, खोली स्वतंत्र आहे. परंतु संकट आले की तो अगदी एकटा असतो. नोकरी गेल्याचे तो गावी कळवतही नाही. गणेशचतुर्थीला तसाच येतो, हसून बोलतो आणि परत जातो. ‘हुशार असता तर राहिला असता’ हा मालकाचा युक्तिवाद त्याने स्वतःच मान्य केलेला असतो. कर्नाटकात २०१७ साली या क्षेत्रातील कर्मचाऱ्यांची संघटना नोंदली गेली आणि २०२४ साली दिवसाच्या कामाची मर्यादा चौदा तासांपर्यंत वाढवण्याच्या प्रस्तावाला तिने विरोध केला. संघटना अशक्य आहे ही समजूत त्यामुळे खोटी ठरते. महाराष्ट्रातील श्रमिक चळवळीने हिंजवडीच्या फाटकाकडे आजवर पुरेसे लक्ष दिले नाही, हे कबूल केले पाहिजे.

आणखी एक तोटा आहे; तो व्यक्तीचा नसून जिल्ह्याचा आहे. कुडाळच्या पैशाने शिकलेले कसब कुडाळच्या कामी येत नाही. असे व्हावयालाच हवे असे नाही. आयबीएम गेल्यानंतर तिच्या यंत्रांच्या देखभालीची जबाबदारी ज्या सरकारी कंपनीने घेतली, त्या सीएमसीने १९८०च्या दशकाच्या मध्यास भारतीय रेल्वेच्या संगणकीकृत आरक्षणाची व्यवस्था उभी केली. तीही तंत्रज्ञान-सल्लागार कंपनीच होती. तिचे ग्राहक मात्र या देशाचे प्रवासी होते. मधु दंडवते आणि जॉर्ज फर्नांडिस यांच्या प्रयत्नांतून साकारलेली आणि १९९८ साली पूर्णत्वाने सुरू झालेली कोकण रेल्वे जो प्रवासी वापरतो, तो कुडाळ स्थानकावर कोकणकन्येचे तिकीट काढताना त्या सार्वजनिक कर्तृत्वाचाही लाभ घेत असतो. २००१ साली सरकारने सीएमसीतील आपले नियंत्रक भागभांडवल टाटांना विकले आणि पुढे ती कंपनी टीसीएसमध्ये विलीन झाली.

सिंधुदुर्गच्या प्रशासनात कृत्रिम बुद्धिमत्ता वापरण्याची घोषणा २०२५ साली मोठ्या गाजावाजाने झाली. हे काम कोण करणार? जमिनीच्या नोंदी, रुग्णालयातील औषधसाठा, आंबा-काजूच्या बाजारभावाची माहिती यांच्या व्यवस्था बाहेरच्या एखाद्या कंपनीकडून विकत घेतल्या जाणार असतील, तर जिल्ह्याच्या वाट्याला केवळ बिल येईल. केरळात १९२५ साली स्थापन झालेली उरालुंगल मजूर सहकारी संस्था रस्ते आणि पूल बांधत मोठी झाली आणि आज कोळिकोडला तंत्रज्ञान उद्यान व सॉफ्टवेअर कंपनी चालवते. कोळिकोड काही सातासमुद्रापलीकडे नाही. कुडाळवरून दक्षिणेकडे गेलेला लोहमार्ग मंगळुरूमार्गे तेथे पोहोचतो. सुशिक्षित बेरोजगारांच्या सेवा सहकारी संस्थांची तरतूद महाराष्ट्रातही आहे. तिचा उपयोग झाडलोट आणि रखवालीच्या कंत्राटांपुरता का राहावा? टाळेबंदीच्या काळात कोकणातील पडवीत बसून परदेशी बँकांची कामे करता आली. पंचवीस टक्क्यांहून अधिक माणसे कार्यालयात लागणार नाहीत असे २०२०मध्ये म्हणणाऱ्या टीसीएसने २०२३च्या ऑक्टोबरात सर्वांना पाचही दिवस परत बोलावले. तेव्हा अडचण तंत्राची नव्हती. ती हुकमतीची होती.

मग नियुक्तिपत्र हाती आलेल्या तरुणाने काय करावे? घरची स्थिती बेताची असेल तर नोकरी जरूर घ्यावी. भुकेल्याला त्यागाचा उपदेश करण्याचा अधिकार कोणालाही नाही. पण सही करण्यापूर्वी पत्र वाचावे. रुजू होण्याची तारीख निश्चित आहे का? नोकरी सोडल्यास किती रक्कम भरण्याचा बंधपत्रात उल्लेख आहे? आपण सोडताना नव्वद दिवसांची सूचना द्यावयाची आणि कंपनीने काढताना तीसच दिवसांची, असा विषम व्यवहार त्यात आहे का? वार्षिक वेतनाच्या आकड्यात कंपनीचा भविष्यनिर्वाह निधीचा हिस्सा आणि अनिश्चित बोनस धरून फुगवटा केला आहे का? पहिल्या दिवसापासून वेतनपत्रके व गुणांकनाच्या प्रती स्वतःजवळ ठेवाव्यात. कंपनीने दिलेल्या कसबाखेरीज स्वतः निवडलेले एक कसब शिकत राहावे. सहा महिन्यांचा घरखर्च शिल्लक पडल्याखेरीज मोठे कर्ज घेऊ नये. आणि दडपणाखाली राजीनामा कधीही लिहून देऊ नये. आधी संघटनेला किंवा वकिलाला विचारावे.

समाजवादी कार्यकर्त्यांनी व महाविद्यालयीन शिक्षकांनीही केवळ टीका करून थांबू नये. कुडाळ, कणकवली, सावंतवाडी येथील महाविद्यालयांत दर वर्षी निवडीच्या हंगामात ही पत्रे वाचून समजावून देणारी दोन तासांची बैठक घेणे कठीण नाही. मोठ्या कार्यालयीन आस्थापनांनाही कपातीची पूर्वपरवानगी लागू करावी, राजीनाम्यासाठी दडपण आणणे हा गुन्हा मानावा आणि जिल्ह्याच्या संगणककामांचा ठरावीक हिस्सा स्थानिक सहकारी संस्थांना द्यावा, या तीन मागण्या घेऊन आमदार-खासदारांना गाठणेही कठीण नाही. गिरणी कामगाराला आठ तासांचा दिवस आणि भविष्यनिर्वाह निधी कोणी दान केला नव्हता. तो त्याने संघटनेच्या बळावर मिळवला. नव्या चाकरमान्याचा पगार त्याच्या आजोबांच्या पगारापेक्षा कितीतरी मोठा आहे. त्या पगारामागचे हक्क मात्र त्याला नव्याने मिळवावे लागतील, आणि ते एकेकट्याला मिळणारे नाहीत.